हे कोण कोण ऐकणार?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



माझ्या लहानपणी आमच्या गावात पत्रांपेक्षा कॅसेटी जास्त यायच्या. कोकणातलं खाडीकाठचं गाव. घरटी एक तरी माणूस कुवेतला, दुबईला नाहीतर सौदीला. बायकांपैकी पुष्कळ जणींना लिहिता येत नसे आणि ज्यांना येई त्यांनाही मनातलं कागदावर उतरवणं जमत नसे. मग टेपरेकॉर्डरसमोर बसायचं, लाल बटण दाबायचं आणि बोलायचं. गावातून कोणी आखाताला निघाला की त्याच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी आठ-दहा कॅसेटी असायच्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर नाव.

१९८२-८३ चा सुमार असेल. एका रात्री आईने आम्हा भावंडांना लवकर निजवलं आणि ती टेपरेकॉर्डर घेऊन बसली. मी गोधडीत जागीच होते. त्या रात्री ती अब्बांशी जे बोलली ते तिने कधी शेजारणीला सांगितलं नव्हतं, माहेरी सांगितलं नव्हतं. बोलता बोलता ती रडली. मग कॅसेट बंद करून तिने ती ओढणीच्या तुकड्यात गुंडाळली.

कॅसेट कुवेतला पोचली. तिथे अब्बा एका खोलीत सात-आठ जणांबरोबर राहात. टेपरेकॉर्डर एकच. गावाकडून कॅसेट आली की सगळ्यांनी मिळून ऐकायची असा तिथला रिवाजच होता. कोणाच्याही घरचा आवाज ऐकला तरी सगळ्यांना घरी गेल्यासारखं वाटायचं. यात कोणाच्या मनात वाईट काही नव्हतं. वर्षभराने त्या खोलीतला एक जण सुट्टीवर आला. एका लग्नात आईला भेटला आणि अगदी मायेने म्हणाला, ‘भाभी, तुमची कॅसेट ऐकून त्या दिवशी आम्ही सगळेच रडलो.’

आईचा चेहरा मी पाहिला. तो मला आजही आठवतो.

त्यानंतरही आई कॅसेटी पाठवत राहिली. पण त्यात एवढंच असे : सगळी खुशाल आहेत. पाऊस बरा आहे. मुलं अभ्यास करतात. अब्बा विचारायचे, तू हल्ली काही बोलत का नाहीस? आई काय सांगणार! एकदा नको त्या कानांनी ऐकलं, की बोलणारा माणूस बोलणंच सोडतो. आज मला ज्या विषयावर बोलायचं आहे त्याचं सार मला त्या लग्नाच्या मांडवात कळलं होतं. वय होतं दहा-अकरा.

विषय आहे मुलांच्या जबाबांचा. एखाद्या मुलावर अत्याचार झाल्याची किंवा त्याला घरात, वसतिगृहात, शाळेत कोणी छळत असल्याची तक्रार येते. चौकशी होते. मुलाला विचारलं जातं, त्याचं सांगणं कॅमेऱ्यावर आणि ध्वनिमुद्रणात घेतलं जातं. त्या मुद्रणाचं पुढे काय होतं? ते कोणी ऐकावं, कोणी ऐकू नये?

मी वकील नाही, समाजसेविकाही नाही. मराठी घेऊन बी. ए. झालेली, नोकरी सांभाळून कविता लिहिणारी एक बाई. पण काही वर्षांपूर्वी मला अशा एका जबाबाच्या वेळी हजर राहावं लागलं. २०१२ चा लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, म्हणजे आपण ज्याला ‘पॉक्सो’ म्हणतो तो, सांगतो की मुलाचा जबाब त्याच्या आईवडिलांसमोर किंवा ज्या माणसावर त्याचा विश्वास आहे त्या माणसासमोर घ्यावा. त्या मुलाने माझं नाव घेतलं. ते मला कसं ओळखत होतं, कुठल्या गावचं, केवढं होतं, यातलं मी काहीही सांगणार नाही. मुलगा होता की मुलगी तेही नाही. आपल्या मराठीत ‘ते मूल’ म्हणण्याची सोय आहे. हिंदीत, उर्दूत ती नाही. तिथे क्रियापदच सगळं सांगून टाकतं. नपुंसकलिंगाचा एवढा उपयोग होईल असं व्याकरण शिकताना मला कधी वाटलं नव्हतं.

जबाब पोलीस ठाण्यात घेतला नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा ते म्हणेल त्या ठिकाणी घ्यावा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यावा आणि त्या वेळी अंगावर गणवेश नसावा, असं कायद्यात स्पष्ट आहे. आलेल्या बाई साध्या सलवार-कमीजमध्ये होत्या. त्यांनी तिकाटण्यावर कॅमेरा लावला. लाल दिवा लागला. मूल त्या दिव्याकडे बघत राहिलं आणि त्याने विचारलं, ‘हे कोण कोण ऐकणार?’

त्या खोलीतलं एवढं एकच वाक्य मी तुम्हाला सांगते आहे. कारण हा प्रश्न त्या एका मुलाचा नाही. त्या दिव्यासमोर बसलेल्या कुठल्याही मुलाचा तो असू शकतो.

मला वाटलं, बाई म्हणतील, कोणी नाही, तू बोल. मोठी माणसं असंच म्हणतात. पण त्या थांबल्या. मग म्हणाल्या, ‘मी ऐकणार. कोर्टातले न्यायाधीश ऐकू शकतात. ज्याच्याबद्दल तू सांगशील त्याच्या वकिलांनाही ऐकावं लागेल. तुझ्या वर्गात नाही. गल्लीत नाही. टीव्हीवर नाही.’ मुलाने ते मनातल्या मनात मोजल्यासारखं केलं. मग ते बोललं. पुढचं माझ्याजवळ ठेवायला दिलेलं आहे.

माझी दादी अशा गोष्टीला ‘अमानत’ म्हणायची. शेजारीण मुंबईला जाताना बांगड्या ठेवून गेली की ती अमानत. त्या घालून बघायच्या नाहीत, कोणाला दाखवायच्या नाहीत, मागितल्या की जशाच्या तशा द्यायच्या. हाच शब्द मराठीत आला आणि त्याच्या अक्षरांची अदलाबदल होऊन ‘अनामत’ झाला. बँकेत, बाजारात आपण तो रोज वापरतो. पैशाची अनामत आपल्याला कळते. आवाजाचीही अनामत असते, हे मात्र अजून अंगवळणी पडलेलं नाही.

मुळात मुलांचं बोलणं मुद्रित करायचं कशासाठी? पूर्वी अशा प्रकरणात मुलाला तीच कहाणी पुन्हा पुन्हा सांगावी लागे. आधी घरात, मग शाळेत, मग ठाण्यात, मग डॉक्टरांना, मग न्यायदंडाधिकाऱ्यांना, शेवटी न्यायालयात. प्रत्येक वेळी समोर नवा माणूस, आणि प्रत्येक वेळी तेच घाव उघडायचे. इंग्लंडमध्ये १९८७ साली क्लीव्हलंड भागात थोड्या महिन्यांत शंभराहून अधिक मुलांवर अत्याचार झाल्याची निदानं झाली आणि पुष्कळ मुलांना घरातून हलवण्यात आलं. त्यावर न्यायमूर्ती एलिझाबेथ बटलर-स्लॉस यांनी चौकशी केली. १९८८ च्या त्यांच्या अहवालात, मुलांची पुन्हा पुन्हा आणि उत्तर सुचवणारे प्रश्न विचारून चौकशी केल्याने काय होतं, याची कठोर चिकित्सा आहे. मग १९९१ च्या कायद्याने तिथे मुलांचा मुद्रित जबाब हीच मुख्य साक्ष म्हणून न्यायालयात दाखवण्याची वाट मोकळी केली. आइसलंडने १९९८ साली ‘बार्नाहूस’, म्हणजे ‘मुलांचं घर’, सुरू केलं. मुलाने एका घरात यायचं, एका प्रशिक्षित माणसाशी बोलायचं. पोलीस, वकील, न्यायाधीश यांनी दुसऱ्या खोलीत बसून ते ऐकायचं. सगळ्या खात्यांनी मुलाकडे यायचं, मुलाने खात्यांच्या पायऱ्या झिजवायच्या नाहीत.

आपल्याकडेही वाट हळूहळू झाली. गोव्याने २००३ साली मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्यात बाल न्यायालयाची तरतूद केली. २००४ साली ‘साक्षी’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलाला आरोपी दिसू नये म्हणून पडदा लावा, उलटतपासणीचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारा, साक्ष देताना मुलाला मधे विश्रांती द्या. १४ नोव्हेंबर २०१२ ला, बालदिनी, पॉक्सो अंमलात आला. शक्य असेल तिथे मुलाचा जबाब ध्वनिचित्रमुद्रणानेही घ्यावा असं त्याने म्हटलं. खटला बंद दालनात चालवावा, मुलाला वारंवार न्यायालयात बोलावू नये, असंही म्हटलं. मुद्रण झालं तरी आपल्याकडे बहुतेक मुलांना न्यायालयात येऊन साक्ष द्यावीच लागते, हे मात्र खरं.

मुद्रणाचा आणखी एक उपयोग मला भाषेच्या माणसाला फार मोलाचा वाटतो. पोलिसी मराठी आपल्या सगळ्यांच्या परिचयाची आहे. ‘सदर इसम’, ‘नमूद ठिकाणी’, ‘सबब’. आता समजा – हे उदाहरण त्या खोलीतलं नाही, माझं बनवलेलं आहे – आमच्याकडचं एखादं मूल म्हणालं, ‘त्याने दार लावलान.’ कागदावर उतरतं, ‘सदर इसमाने दरवाजा आतून बंद केला.’ मूल ‘आतून’ म्हणालंच नव्हतं. दोन वर्षांनी न्यायालयात वकील विचारतो, आतून की बाहेरून? मूल म्हणतं, मी तसं नव्हतं सांगितलं. आणि खरं बोलणारं मूल खोटं ठरतं. माझा नातू चार वर्षांचा आहे. दोन महिन्यांपूर्वीच्या ईदला तो ‘काल’ म्हणतो. त्याच्या लेखी जे होऊन गेलं ते सगळं काल. मूल जसं बोललं तसंच नोंदवा असं कायदा दंडाधिकाऱ्यांना सांगतो, तो याचसाठी. लेखणी बदल करते. मुद्रणात ‘लावलान’ हे ‘लावलान’च राहतं. त्यात मुलाचं रक्षण आहे, तसं एखाद्या निरपराध आरोपीचंही आहे.

पण जे मुद्रण मुलाला वाचवतं तेच त्याला उघडंही पाडू शकतं. कागदावरचा जबाब वाचून मूल ओळखता येईलच असं नाही. आवाज मात्र लगेच ओळखता येतो. आणि आता हे मुद्रण कॅसेटवर नसतं. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा लागू झाला आहे. बलात्काराच्या तक्रारीत पीडितेचा जबाब मोबाइल फोनवरही मुद्रित करता येईल असं त्यात शब्दशः म्हटलं आहे. सोय म्हणून ते बरंच आहे. खेडेगावात कॅमेरा कुठून आणायचा? पण फोन कोणाचा? त्या अधिकाऱ्याचा स्वतःचा असेल तर त्याच फोनवर त्याच्या मुलाचे वाढदिवसाचे फोटो आहेत, नातेवाइकांचे ग्रुप आहेत. आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनमधले फोटो आणि व्हिडिओ आपोआप दूर कुठल्यातरी साठवणीत जाऊन पडतात, आपल्याला कळतही नाही. फोनवरून संगणकावर, संगणकावरून पेन ड्राइव्हवर, पेन ड्राइव्ह टपालाच्या पाकिटात, पाकीट कारकुनाच्या टेबलावर. मी स्वतः कार्यालयात काम केलेलं आहे. टेबलावरच्या पाकिटाबद्दल माणसाला किती कुतूहल असतं ते मला माहीत आहे. कोणी दुष्टपणाने बघत नाही. अब्बांच्या खोलीतल्या लोकांसारखंच, सहज बघतो, हळहळतो, आणि घरी जाऊन बायकोला सांगतो.

२०१८ च्या ११ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना प्रकरणात निकाल दिला. पॉक्सोखालचे प्रथम माहिती अहवाल सार्वजनिक ठेवू नयेत. ज्या कागदांवर पीडिताचं नाव आहे ते शक्यतो बंद लखोट्यात ठेवावेत आणि बाकीच्या दप्तरात नाव काढलेली प्रत लावावी. आणि ज्या ज्या अधिकाऱ्याला ते नाव कळेल त्याने ते गुप्त ठेवावं, असं त्यात सांगितलं आहे. बाल न्याय कायदा, २०१५ म्हणतो की बाल कल्याण समितीपुढे येणारे मुलाविषयीचे अहवाल गोपनीय मानावेत. मुलाची ओळख उघड करणाऱ्याला त्या कायद्याने सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे कायद्याने लखोटा दिलेला आहे. तो चिकटवायचं काम माणसांचं आहे.

इथे कोणी विचारेल, मग आरोपीचं काय? त्याच्यावर काय आरोप आहे हे त्याने ऐकायचंच नाही? प्रश्न रास्त आहे. ज्याला शिक्षा होऊ शकते त्याला आपल्याविरुद्धचा पुरावा तपासता आलाच पाहिजे, नाहीतर तो न्याय नव्हे. २०१९ साली केरळमधल्या एका खटल्यात, पीडितेचं चित्रण असलेल्या मेमरी कार्डाबाबत सर्वोच्च न्यायालयापुढे हाच पेच आला होता. तो खटला मुलाचा नव्हता, पण प्रश्न तोच होता. न्यायालयाने सांगितलं, एरवी अशा पुराव्याची प्रत आरोपीला मिळायला हवी. पण जिथे पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न आहे तिथे आरोपीला, त्याच्या वकिलाला आणि तज्ज्ञाला ते पाहण्याची संधी द्यावी, प्रत हातात देऊ नये. साध्या मराठीत सांगायचं तर, इथे बसून ऐका, घरी नेऊ नका. मला हा तोल पटला. गोपनीयता म्हणजे कोणीच ऐकायचं नाही असं नव्हे. ज्याने ऐकायला हवं त्याने ऐकायचं, जेवढं हवं तेवढं, आणि जिथे हवं तिथेच.

आता मला माझी एक चूक सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय वरचं सगळं बोलायचा मला अधिकार नाही.

त्या जबाबानंतर कित्येक दिवस मला झोप नव्हती. कवीला झोप नसली की तो काय करतो ते तुम्हाला ठाऊक आहे. मी कविता लिहिली. त्यात नाव नव्हतं, गाव नव्हतं, काय घडलं तेही नव्हतं. फक्त एक झाड होतं, आणि झाडाखाली बसलेलं मूल. काही महिन्यांनी एका छोट्या कविसंमेलनात मी ती वाचली. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर एक बाई जवळ आल्या, माझा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाल्या, ‘ते त्यांच्या अंगणातलंच झाड ना?’

मी नाही म्हणाले. खोटं बोलले. घरी येऊन वही काढली आणि ते पान फाडलं. पण वाचलेली कविता फाडता येत नाही. ती बाई दुष्ट नव्हती. मीही नव्हते. मला वाटत होतं, मी त्या मुलाचं दुःख जगापुढे मांडते आहे. खरं तर ते दुःख माझं नव्हतंच; मला ते काही वेळ सांभाळायला दिलं होतं. माझ्या आईची कॅसेट ज्यांनी ऐकली त्यांच्या रांगेत मीही जाऊन बसले होते.

त्यानंतर मी कायद्यातलं ते कलम नीट वाचलं. मुलाची ओळख म्हणजे नुसतं नाव नव्हे. त्याचं कुटुंब, शाळा, नातेवाईक, शेजार आणि ज्यावरून ते ओळखता येईल अशी कुठलीही माहिती, म्हणजे ओळख. झाडसुद्धा त्यात येतं. आता वर्तमानपत्रातल्या बातम्या आठवून बघा. नाव छापत नाहीत, पण ‘अमुक पेठेत राहणाऱ्या रिक्षाचालकाची सातवीतली मुलगी’ असं छापून येतं. त्या पेठेत सातवीत जाणाऱ्या मुली असलेले रिक्षाचालक किती असणार? एप्रिल २०१८ मध्ये, अत्याचारानंतर जिचा जीव घेतला गेला अशा एका बालिकेची ओळख उघड केल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने बारा माध्यमसंस्थांना प्रत्येकी दहा लाख रुपये भरायला लावले होते. ते सगळे तिच्यासाठी न्याय मागत होते, हेही खरं. पण न्याय मागायला तिचा चेहरा लागतो, हे कोणी ठरवलं? मूल या जगात राहिलं नाही म्हणून त्याची अब्रू मोकळी होत नाही, हे निपुण सक्सेना निकालात स्पष्ट म्हटलेलं आहे.

अब्रू हा शब्द आला, म्हणून आणखी एक गोष्ट बोलायला हवी. गोपनीयता आणि लपवाछपवी या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. दोन्हीत दार बंद असतं. शाळेचे विश्वस्त म्हणतात, मुलाच्या भल्यासाठी हे बाहेर जायला नको. घरातली मोठी माणसं म्हणतात, आपसात मिटवू. हे सगळ्या समाजांत चालतं. माझ्या समाजात चालतं तसं तुमच्याही. मग फरक कसा ओळखायचा? मी एक साधी कसोटी लावते : या गुपिताने कोण सुरक्षित राहतं? मूल सुरक्षित राहात असेल तर ती गोपनीयता. मोठं माणूस किंवा संस्था सुरक्षित राहात असेल तर ती लपवाछपवी. कायद्यानेही हा फरक केला आहे. मुलावर असा गुन्हा झाल्याचं कळूनही पोलिसांना न कळवणं हाच पॉक्सोखाली गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवलं तर वर्षापर्यंत. म्हणजे सांगायचं हे ठरलेलंच आहे. कोणाला सांगायचं तेही ठरलेलं आहे. त्यापलीकडे कोणालाही नाही.

मग तुम्ही-आम्ही काय करायचं? एखादं मूल तुमच्याजवळ येऊन बोललं तर ऐका. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. म्हणा, ‘तुला मदत करू शकतील त्यांनाच सांगेन.’ पुन्हा पुन्हा विचारू नका. आपला फोन काढून मुद्रण करायला लागू नका. हल्ली घाबरलेले पालक हे करतात, पण आपण नकळत उत्तरं सुचवतो, आणि मग तो व्हिडिओ मावशीला जातो, मावशीकडून मामाला. मुलाचे शब्द, तारीख आणि वेळ कागदावर लिहून ठेवा, त्याच्याच भाषेत. मग पोलिसांना कळवा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांकही आहे. १९९६ साली तो मुंबईत सुरू झाला आणि आज देशभर चालतो. आणि कधी तुमच्या फोनवर कुठल्या मुलाचा तसा व्हिडिओ किंवा जबाब आलाच, तर संतापानेसुद्धा पुढे पाठवू नका. त्या मुलाचा अपमान पाठवणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून नसतो.

माझी आई आता नाही. तिची पेटी आवरताना मला ओढणीच्या तुकड्यात गुंडाळलेली एक कॅसेट सापडली. चिकटपट्टीवर अब्बांचं नाव. अब्बांनी ती परत आणून तिच्या हातात दिली होती की काय, मला माहीत नाही. टेपरेकॉर्डर माळ्यावर आहे, अजून चालतो. मुलगी म्हणाली, ‘लाव ना अम्मी, नानीचा आवाज ऐकू.’ मलाही तो आवाज ऐकायची फार इच्छा होती. आजही आहे.

पण त्या रात्री ती ज्याच्याशी बोलली होती तो माणूस मी नव्हते. मी कॅसेट पुन्हा त्याच तुकड्यात गुंडाळली आणि जिथे होती तिथे ठेवली.

त्या दिव्यासमोर बसलेल्या मुलाने जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर द्यायला पोलीस आहेत, न्यायालयं आहेत, समित्या आहेत. पण ‘वर्गात नाही, गल्लीत नाही’ हे त्या बाईंचं वचन पाळायचं कोणी? वर्गात आणि गल्लीत आपणच तर असतो.